फॉरेस्ट म्हणजे काय रे भाऊ?

आजचा भाग एका शब्दावर आहे: फॉरेस्ट. शब्द इंग्रजी, पण गडचिरोलीत तो केव्हाच घरचा झालाय. फक्त तिथे त्याचा अर्थ झाडं असा नाही. ‘फॉरेस्टवाले आले’ म्हणजे वनखातं आलं. ‘ती जागा फॉरेस्टची आहे’ म्हणजे तिथे नांगर घालायचा नाही. झाडांसाठी लोकांकडे वेगळे शब्द आहेत.

मार्कंड्यापासून सुरुवात करू. चामोर्शी तालुका, वैनगंगेचा काठ. नदी इथे उत्तरवाहिनी होते, महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते, आणि मंदिरांवरच्या शिल्पांमुळे लोक या जागेला ‘विदर्भाचं खजुराहो’ म्हणतात. पण याच तालुक्यात आणखी एक मार्कंडा आहे, मार्कंडा कंसोबा, आणि त्याच्या नावाने वनपरिक्षेत्र आहे. म्हणजे एक मार्कंडा देवाचा आणि एक फॉरेस्टचा! पुराणांच्या हिशोबाने हा सगळा मुलूख दंडकारण्य. बोलीत ‘झाडी’, म्हणून झाडीपट्टी, झाडीबोली, झाडीपट्टीची नाटकं. सरकारी कागदावर ‘वन’. जागा तीच, शब्द तीन, आणि प्रत्येक शब्दाचा मालक वेगळा.

मराठीत या एका इंग्रजी शब्दासाठी किती पर्याय आहेत बघा. अरण्य, वन, बन, रान, राई, झाडी, जंगल. यातला एकही दुसऱ्याच्या जागी बिनधास्त बसत नाही. ‘रान’ हे ‘अरण्य’चंच घासून झालेलं रूप, पण पश्चिम महाराष्ट्रात ‘दादा रानात गेलाय’ म्हटलं की दादा शेतावर असतो. गायरानात गाई चरतात, झाडं असोत वा नसोत. देवराईतली राई तोडायची नाही.

सगळ्यात गमतीचा शब्द ‘जंगल’. मूळ संस्कृत ‘जांगल’. आयुर्वेदात जांगल देश म्हणजे कोरडा, उघडा, कमी पाण्याचा, तुरळक झाडांचा प्रदेश, आणि ओल्या दाट प्रदेशाला नाव आहे ‘आनूप’. अठराव्या शतकात इंग्रजांनी ‘जंगल’ उचलला आणि हळूहळू त्याचा अर्थ पार उलटा झाला: घनदाट, दमट, वेलींनी भरलेलं. आज आपणही तोच अर्थ वापरतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ‘फॉरेस्ट’ कुठून आला? मध्ययुगीन लॅटिनमधल्या ‘फोरेस्टा’मधून. त्याचा संबंध ‘बाहेर’ या अर्थाच्या शब्दाशी लावतात. १०६६ नंतर नॉर्मन राजांनी इंग्लंडमध्ये शिकारीसाठी मोठमोठे प्रदेश फॉरेस्ट म्हणून जाहीर केले. तिथे माळ होता, शेतं होती, गावंही होती. झाडं असलीच पाहिजेत अशी अट नव्हती. राजाचा वेगळा कायदा जिथे लागू, ते फॉरेस्ट. लोक इतके वैतागले की १२१७ मध्ये फॉरेस्टची वेगळी सनद काढून चराईचे, सरपणाचे हक्क परत द्यावे लागले. (आमच्या कॉम्प्युटर सायन्समध्येही शून्य ट्री असलेलं फॉरेस्ट चालतं. कॉलेजात हे विचित्र वाटायचं, आता नाही वाटत.)

हाच शब्द इंग्रजांबरोबर चांदा जिल्ह्यात आला. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात ‘झाड’ म्हणजे काय ते लिहिलंय, ‘गुरं’ म्हणजे काय तेही लिहिलंय, आणि त्यात हत्ती आणि उंटही आहेत. ‘फॉरेस्ट’ची व्याख्या मात्र नाही! बांबूला मात्र या कायद्याने झाड केलं. वनस्पतीशास्त्रात बांबू गवत आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला होता, तरी विकलेला बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना मिळेना. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. शब्दाच्या अर्थासाठी मंत्र्याला दिल्लीहून यावं लागलं. वन कायद्यातल्या ‘झाडा’मधून बांबू निघाला तो थेट २०१७ मध्ये.

आणि आता खरा पेच. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फॉरेस्ट म्हणजे शब्दकोशातला अर्थ, शिवाय सरकारी दप्तरात फॉरेस्ट म्हणून नोंद असलेली कुठलीही जमीन, मालक कोणीही असो. जंगलतोड थांबवायला हे गरजेचंच होतं. पण पूर्व विदर्भाच्या महसुली दप्तरात एक जुनी नोंद होती: ‘झुडपी जंगल’. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून सुमारे ८६ हजार हेक्टर. खुरटी झुडपं, मुरमाड जमीन, गावची गुरं चरायची जागा. माझ्या मते नोंद करणाऱ्या कारकुनाचं ‘जंगल’ हे आयुर्वेदातल्या जांगलाच्या जास्त जवळचं होतं, आणि वाचताना ते इंग्रजी अर्थाने वाचलं गेलं.

मधल्या काळात त्या जमिनींवर घरं झाली, शाळा झाल्या, सरकारी कार्यालयं आणि स्मशानभूमीसुद्धा. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: झुडपी जंगल हे वनच. १९९६ च्या त्या तारखेपर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राची मंजुरी घ्यायची, त्यासाठी पर्यायी वनीकरणाची अट नाही. त्यानंतर वाटलेल्या जमिनींसाठी कारणं द्यावी लागणार आणि अधिकाऱ्यांवर कारवाईही. मला हा निकाल पूर्ण चुकीचा वाटत नाही. हे तुकडे मोकळे सोडले असते तर नागपूरच्या आसपास त्यांचे प्लॉट पडायला वेळ लागला नसता. पण गावातल्या माणसाच्या बाजूने बघा. तीन हेक्टरपेक्षा लहान, शेजारी कुठलंही वन नसलेला झुडपांचा तुकडाही ‘संरक्षित वन’ जाहीर करायचा आहे. तिथे उद्या बकऱ्या सोडायच्या की नाही, हे आता तो फॉरेस्टवाल्यांना विचारणार.