शाळेचा संघ की क्लब? सरावाचा हिशेब मांडा

बेळगाव : शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात. पुढे राष्ट्रीय स्पर्धेत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात. संघ हरला की हंगाम संपला. त्यामुळे शाळेचा सराव थोड्याच आठवड्यांचा, पण एकदम जोराचा. सुट्टीभर बसून राहिलेल्या मुलाचे स्नायू तिथेच दुखावतात.

क्लब किंवा तालमीचं गणित वेगळं. सराव वर्षभर चालतो, तंत्र पक्कं होतं, पण विश्रांती हरवते. झपाट्याने उंची वाढण्याच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली दुखणं बहुतेकदा अशा सततच्या ताणातून येतं.

खरी अडचण दोन्हीकडे खेळणाऱ्यांची. शाळेचे सर आणि क्लबचे कोच आपापलाच सराव मोजतात. बेरीज मुलाच्या अंगावर पडते. ती पालकांनी वहीत मांडावी. क्रीडावैद्यकातला साधा ठोकताळा असा : आठवड्याचे तास वयाच्या आकड्याच्या आत, म्हणजे १४ वर्षांच्या मुलाला १४ तासांपर्यंत, आठवड्यात किमान एक दिवस सुट्टी, वर्षात दोन-तीन महिने त्या खेळातून विश्रांती. शालेय स्पर्धा सुरू असताना क्लबचा सराव कमी करून घ्यावा. दुखणं लपवून खेळणारं पोर शेवटी दोन्ही संघांतून बाहेर बसतं.