करमाफी आणि कलेची व्याख्या

साहित्य आणि कर यांचा संबंध आपल्याकडे फारसा चर्चिला जात नाही. कराचा विषय अर्थशास्त्राचा, असे मानून आपण तो बाजूला ठेवतो. तथापि करमणूक कराचा इतिहास वाचू लागले, की एक गोष्ट ध्यानात येते. कर बसवण्यासाठी विधिमंडळाला कलेविषयी फारसे मत असावे लागत नाही. तिकीट विकले गेले एवढे पुरते. सूट द्यायची म्हटली, की मात्र शिक्षण कोणते आणि निव्वळ करमणूक कोणती, लोककला कोणती, आपली भाषा कोणती, हे ठरवावेच लागते. त्यामुळे सवलतीच्या कलमांत शासनसंस्थेने नकळत लिहिलेली समीक्षा सापडते.

या कराचा उगम इंग्लंडातला. पहिल्या महायुद्धाचा खर्च भागवण्यासाठी १९१६ मध्ये तेथील संसदेने तो बसवला आणि त्याच कायद्यात अपवादही घातले. ज्या कार्यक्रमाचे सारे उत्पन्न धर्मादाय कामाला जाते तो, आणि संपूर्णपणे शैक्षणिक स्वरूपाचा कार्यक्रम, हे करमुक्त ठरले. नफा न कमावणाऱ्या संस्थेने अंशतः शैक्षणिक हेतूने केलेल्या कार्यक्रमालाही सूट मिळाली. ‘संपूर्णपणे’ आणि ‘अंशतः’ या दोन क्रियाविशेषणांत केवढा वाद दडलेला आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. शोकांतिका शैक्षणिक आणि प्रहसन करमणुकीचे, असा निवाडा करअधिकाऱ्याने कोणत्या कसोटीवर करायचा?

हिंदुस्थानात १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर प्रांतिक कायदेमंडळांना काही ठरावीक कर स्वतःच्या अधिकारात बसवण्याची मुभा मिळाली. त्या यादीत करमणुकीवरील कर होता. बंगालने १९२२ मध्ये तो बसवला. मुंबई इलाख्याचा करमणूक शुल्काचा कायदा १९२३ चा. धर्मादाय आणि शैक्षणिक कार्यक्रमांच्या सवलती त्यातही उतरल्या. शिवाय कोणत्याही करमणुकीला किंवा करमणुकीच्या प्रकाराला आदेशाने सूट देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. हे छोटे पोटकलम पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे ठरले. कर विधिमंडळाच्या चर्चेतून आला, पण कोणाला वगळायचे हे मंत्रालयाच्या आदेशावर सोपवले गेले. राज्यघटनेने सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, ६२ व्या नोंदीखाली, हा विषय राज्यांकडेच ठेवला.

भाषावार प्रांतरचनेनंतर सवलतीला नवा निकष मिळाला, तो भाषेचा. महाराष्ट्र शासनाने १९७५ मध्ये मराठी चित्रपटांसाठी करपरतीची योजना आणली. प्रेक्षकाकडून वसूल झालेला कर निर्मात्याला परत मिळे. अट अशी, की त्याने पुढचा चित्रपटही मराठीतच काढला पाहिजे. ही योजना चित्रपटाच्या गुणवत्तेविषयी काही म्हणत नव्हती. नंतरच्या अनुदान पद्धतीत मात्र परीक्षण समिती आली, चित्रपटांना ‘अ’ आणि ‘ब’ दर्जा मिळू लागला आणि त्यानुसार ४० व ३० लाख रुपयांची रक्कम ठरली. शासन उघडपणे समीक्षकाच्या आसनावर बसले.

तमिळनाडूतले उदाहरण याहून बोलके आहे. २००६ मध्ये तेथील सरकारने तमिळ शीर्षक असलेल्या चित्रपटांना करमणूक कर माफ केला. ‘जिल्लुनु ओरु कादल’ नावाचा चित्रपट मग ‘सिल्लुनु ओरु कादल’ या नावाने प्रदर्शित झाला, कारण ‘जिल्लुनु’ हा शब्द शुद्ध तमिळ मानला जात नाही. एका अक्षराने कर वाचला! भाषाशुद्धीच्या ज्या वादात आपल्याकडे सावरकरांपासून अनेकांनी शाई खर्च केली, तो वाद तिथे तिकीटखिडकीवर सुटला. २०११ मध्ये निकष वाढले. शीर्षकासोबत ‘यू’ प्रमाणपत्र आणि तमिळ संस्कृतीशी सुसंगत आशयही आवश्यक ठरला. शीर्षक तमिळ आहे की नाही हे कोश उघडून ठरवता येते; आशय संस्कृतीशी सुसंगत आहे की नाही हे कोण ठरवणार?

या अधिकाराला मर्यादाही पडल्या. आंध्र प्रदेशात तेलुगू चित्रपटांना कमी आणि इतर भाषांतील चित्रपटांना अधिक दर होता. ‘आशीर्वाद फिल्म्स’ खटल्यात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ भाषेवर आधारलेला हा भेद घटनाबाह्य ठरवला. आपल्या भाषेला उत्तेजन देणे आणि दुसऱ्या भाषेला अडसर घालणे यांतली सीमारेषा किती पुसट आहे, हे या प्रकरणात दिसले.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांचा करमणूक कर त्यात विलीन झाला. स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता तो अधिकार तेवढा उरला. तरीही ‘करमुक्त करा’ ही जुनी मागणी गेली नाही. २०२० मध्ये ‘तान्हाजी’साठी महाराष्ट्राने राज्याच्या वाट्याच्या कराचा भार स्वतः उचलण्याचा मार्ग काढला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’विषयी तीच मागणी आली, तेव्हा मुख्यमंत्र्यांनी उत्तर दिले, की राज्याने २०१७ मध्येच करमणूक कर रद्द केला असल्याने माफ करायला तो उरलेलाच नाही.

सवलती संपल्या, असा याचा अर्थ नव्हे. त्यांची भाषा आता वस्तू व सेवा कर परिषदेच्या शिफारशींवरून निघणाऱ्या अधिसूचनांत लिहिली जाते. नाटकाच्या तिकिटावरील सूट आधी २५० रुपयांपर्यंत होती, जानेवारी २०१८ पासून ती ५०० रुपयांपर्यंत झाली. कलावंताच्या दीड लाख रुपयांपर्यंतच्या मानधनालाही सूट आहे, पण कला ‘लोक’ किंवा ‘अभिजात’ या वर्गातली असली पाहिजे. तमाशा आणि दशावतार त्यात सहज बसतात. गेल्या साठ-सत्तर वर्षांतले आपले प्रायोगिक नाटक या दोन शब्दांपैकी कोणत्या शब्दात बसवायचे? लोककला आणि नागर कला यांच्या सीमा मोडणे हेच तर त्यातल्या अनेक नाटकांचे काम होते.

परिषदेत राज्यांचे प्रतिनिधी असतात. पण तिथे कलेची व्याख्या हा चर्चेचा विषय नसतो, महसूल असतो. विधानसभेतली चर्चा कितीही उथळ असली तरी ती कार्यवृत्तात नोंदली जाते आणि तिला उत्तर देता येते. अधिसूचनेतल्या विशेषणाला उत्तर देण्याची सोय नाही. ‘लोक’ आणि ‘अभिजात’ या शब्दांवर आपण वर्गांत तासन्‌तास बोलतो. तेच शब्द एखाद्या नाट्यसंस्थेच्या हिशेबाच्या वहीत कोणत्या अर्थाने वापरले जातात, याकडेही आता साहित्याच्या अभ्यासकांनी पाहिले पाहिजे.