ब्रह्मानंद शंखवाळकर
ब्रह्मानंद शंखवाळकर, अर्थात ब्रह्मानंद कामत शंखवाळकर (जन्म: ६ मार्च १९५४, ताळगाव, गोवा), हे भारताचे माजी फुटबॉल गोलरक्षक आहेत. १९८३ ते १९८६ या काळात ते भारतीय राष्ट्रीय संघाचे कर्णधार होते. कारकिर्दीतील तब्बल १७ वर्षे ते वास्को येथील साळगावकर स्पोर्ट्स क्लबकडून खेळले. एकाच क्लबशी दीर्घकाळ एकनिष्ठ राहिलेल्या भारतीय फुटबॉलपटूंमध्ये त्यांची गणना होते.

पार्श्वभूमी
१९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर तेथील संघ अखिल भारतीय स्पर्धांत उतरू लागले. खाण व जहाज व्यवसायातील उद्योगसमूहांनी उभे केलेले क्लब हे गोव्याच्या फुटबॉलचे वैशिष्ट्य होते. साळगावकर उद्योगसमूहाने १९५६ मध्ये स्थापन केलेला क्लब त्यांपैकीच एक होय. त्या काळी राष्ट्रीय लीग अस्तित्वात नव्हती. ती १९९६ मध्ये सुरू झाली. मोहन बागान, ईस्ट बंगाल व मोहम्मेडन स्पोर्टिंग या कोलकात्याच्या क्लबांचा दबदबा होता आणि देशभरातील गुणवान खेळाडूंचा ओढा तिकडे असे. शंखवाळकर यांनी मात्र गोव्यातच राहून राष्ट्रीय संघापर्यंत मजल मारली.

क्लब कारकीर्द
सुरुवातीला पनवेल स्पोर्ट्स क्लबकडून गोव्यातील स्पर्धांत खेळल्यानंतर शंखवाळकर १९७४ मध्ये साळगावकर संघात दाखल झाले आणि १९९१ पर्यंत तेथेच राहिले. या कालखंडाच्या अखेरीस क्लबने सलग चार वेळा फेडरेशन चषकाची अंतिम फेरी गाठली. १९८७ मध्ये मोहन बागानकडून पराभव झाला. १९८८ व १९८९ मध्ये क्लबने विजेतेपद मिळवले. १९९० मध्ये केरळ पोलीस संघाने साळगावकरला हरवले. १९८८ चे विजेतेपद हे गोव्यातील क्लबने जिंकलेले पहिले फेडरेशन चषक विजेतेपद होते. साळगावकर सोडल्यानंतर ते काही काळ चर्चिल ब्रदर्स व अँडरसन मरीन या संघांकडून खेळले.

सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेण्यास मनाई करणारा नियम १९९२ मध्ये आला. त्यामुळे शंखवाळकर यांची बहुतांश कारकीर्द जुन्या नियमांखाली घडली.

संतोष ट्रॉफी
आंतरराज्य संतोष ट्रॉफी स्पर्धेत १९८२-८३ च्या हंगामात गोवा व बंगाल यांना कोलकाता येथे संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. अंतिम सामना आणि फेरसामना दोन्ही गोलशून्य बरोबरीत सुटले होते. पुढील हंगामात मद्रास येथे गोव्याने पंजाबला १-० असे नमवून प्रथमच निर्विवाद विजेतेपद पटकावले. त्या संपूर्ण स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. या कामगिरीचे मोठे श्रेय गोलरक्षक शंखवाळकर यांना दिले जाते.

निवृत्तीनंतर
निवृत्तीनंतरही ते फुटबॉलशी निगडित राहिले. राज्यातील तळागाळातील फुटबॉलच्या वाढीसाठी शासनाने स्थापन केलेल्या गोवा फुटबॉल विकास परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

पुरस्कार
- अर्जुन पुरस्कार (१९९७): हा सन्मान मिळवणारे ते गोव्याचे पहिले फुटबॉलपटू ठरले. पुढे २००१ चा पुरस्कार गोव्याच्याच ब्रुनो कुतिन्हो यांना मिळाला.
- पद्मश्री (२०२२)