आधी ऐका, मग बोला

वर्गात सगळे एकदम बोलू लागले की कोणाचेच ऐकू येत नाही. रेडिओचेही तसेच आहे. १९७१ साली हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन यांनी विद्यापीठाच्या संगणकाशी दूरची केंद्रे रेडिओने जोडली. प्रत्येक केंद्र मनाला येईल तेव्हा संदेश पाठवी. संदेश आदळले तर पुन्हा पाठवी. या पद्धतीत वाहिनीची जास्तीत जास्त १८ टक्के क्षमताच कामी येते. म्हणून पुढे नियम आला : आधी ऐका, वाहिनी मोकळी असेल तरच बोला. पण डोंगराआडचे केंद्र ऐकूच आले नाही तर? टोबागी आणि क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्ये ही अडचण मांडली.

१९९९ साली मिटोला आणि मॅग्वायर यांनी परिस्थिती ओळखून वागणाऱ्या ‘कॉग्निटिव्ह रेडिओ’ची कल्पना मांडली. २००८ मध्ये अमेरिकेने टीव्हीच्या रिकाम्या वाहिन्या नव्या यंत्रांना खुल्या केल्या. ऐकण्याची अट घातली. जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. आडोशाला असलेल्या यंत्राला टीव्हीचे प्रक्षेपण ऐकू येणार नाही. ते बोलू लागेल आणि शेजाऱ्याचे चित्र बिघडेल. २०१० साली, आपले ठिकाण सांगून नोंदकोशातून मोकळी वाहिनी विचारणाऱ्या यंत्रांना ही अट माफ झाली. ऐकण्याच्या जोडीला विचारणेही आले.