किनाऱ्याला वळसा

आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध खलाशी आहेत. त्यांची चाळीसेक वर्षे दुसऱ्यांच्या बोटींवर गेली. गेल्या पावसाळ्यात, बोटी वर ओढून ठेवलेल्या असताना, ते सहज आमच्याकडे बसायला आले. टेबलावर इंग्रजांच्या जुन्या सागरप्रवासांचे एक पुस्तक उघडे होते. त्यातील एका लहानशा शिडाच्या नौकेचे चित्र त्यांनी बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, "फादर, यांचं जाळं कुठं आहे?" आम्ही सांगितले, जाळे नाही. हा गृहस्थ मासे मारायला गेलाच नव्हता. आपल्या देशाच्या किनाऱ्याला फेरी घालून घरी परत यायचे, एवढाच त्याचा बेत. खलाशीबाबांनी पुस्तक मिटले. "मग गेला कशाला?"

त्या प्रश्नाला आम्ही तेव्हा नीट उत्तर दिले नाही. ते शोधताना जी माहिती हाती आली, ती येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. किनारा धरून जाणे सोपे आणि भर समुद्रात जाणे कठीण, असे जमिनीवरच्या माणसाला वाटते. दर्यावर्दी याच्या उलट सांगेल. भर समुद्रात वादळ उठले तर शीड उतरवून, नाळ लाटांना देऊन वाट पाहता येते. किनारा जवळ असला, आणि वारा त्या दिशेने वाहत असला, की वाट पाहण्याची सोय उरत नाही. खडक जवळ येत राहतो. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय आपण वाचला असेल. संत पौलाच्या जहाजावर २७६ माणसे होती. चौदाव्या रात्री खलाशांना जमिनीची चाहूल लागली. त्यांनी खोली मोजली, ती वीस वाव भरली. थोडे पुढे मोजली, पंधरा वाव. त्यांना आनंद झाला नाही. घाबरून त्यांनी वरून चार नांगर टाकले आणि दिवस कधी उगवतो याची ते वाट पाहू लागले. सेमिनरीत हा अध्याय आम्ही पौलाच्या श्रद्धेसाठी शिकलो. त्यातील त्या दोन मोजमापांचा अर्थ मात्र आम्हांला किनाऱ्यावरच्या माणसांनी शिकवला.

ब्रिटन हे बेट अशा फेरीसाठी विशेष अवघड. उधाणाची भरती आणि भांगाची भरती हा फरक आपल्याकडे कोळ्यांच्या मुलालाही ठाऊक असतो. पण मुंबईला उधाणाचे पाणी चढून चढून सुमारे पाच मीटर चढते. तिकडे ब्रिस्टलच्या खाडीत ते चौदा मीटरपर्यंत जाते. एवढे पाणी दर सहा तासांनी दिशा बदलते, आणि प्रत्येक भूशिराच्या टोकाशी ते नदीसारखे धावते. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, पेंटलंडच्या सामुद्रधुनीत, लहान शिडाच्या नौकेपेक्षा प्रवाहाचाच वेग अधिक असतो. वारा एकीकडून आणि पाणी दुसरीकडून आले, तर तिथल्या लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात. म्हणून तिथला नाविक वाऱ्याआधी भरतीचे कोष्टक पाहतो.

या बेटाला फेरी घालणाऱ्यांची एक फार जुनी हकिकत टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवली आहे, आणि ती हौसेची नाही. इसवी सन ८३ च्या सुमारास जर्मनीतील उसिपी जमातीच्या माणसांना रोमन सैन्यात भरती करून ब्रिटनला आणले होते. त्यांनी आपल्यावरच्या सेनाधिकाऱ्याला व शिकवायला नेमलेल्या सैनिकांना ठार केले, तीन नौका बळकावल्या आणि घरची वाट धरली. सुकाणूवरच्या तिघा वाटाड्यांपैकी एक निसटला. उरलेल्या दोघांचा संशय घेऊन त्यांना मारण्यात आले. मग वाटाड्यावाचून, वारा व प्रवाह नेतील तसे, ते बेटाला वळसा घालून गेले. अन्नासाठी किनाऱ्यावर उतरत तेव्हा तेथील लोक त्यांना हाकलून देत. शेवटी भुकेने त्यांनी आपल्यातील दुर्बळांना खाल्ले, मग चिठ्ठ्या टाकून खाल्ले. पलीकडच्या किनाऱ्याला लागल्यावर त्यांना चाचे समजून पकडण्यात आले. काही जण गुलाम म्हणून विकले गेले, आणि हातोहात विकले जात पुन्हा रोमनांच्या हद्दीशी पोहोचले. तिथे त्यांनी तोंड उघडले, म्हणून ही कथा जगाला कळली. त्यांतील एकाचेही नाव टॅसिटस देत नाही. त्यानंतर थोड्याच काळात रोमन आरमाराने फेरी पूर्ण करून ब्रिटन हे बेट असल्याचे सिद्ध केले. त्याचे श्रेय अर्थात सेनापती अॅग्रिकोला यांना. ते टॅसिटसचे सासरे होते, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.

हौसेने हीच फेरी घालावी असे वाटायला पुढे अठरा शतके जावी लागली, आणि त्याला कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या किनाऱ्याचे नकाशे तयार झाले होते. बेल रॉक या बुडत्या खडकावर १८११ मध्ये, स्केरीव्होरवर १८४४ मध्ये दीपस्तंभ उभे राहिले होते. बुडणाऱ्यांना वाचवणारी संस्था १८२४ पासून बंदरोबंदरी नौका ठेवीत होती; त्या वल्हवणारे बहुतेक तिथले कोळीच. हे सारे व्यापारी जहाजांसाठी घडले. सुखवस्तू गृहस्थांनी त्याचा लाभ घेतला. १८६९ मध्ये मिडलटन नावाचे गृहस्थ 'केट' नावाच्या तेवीस फुटी नौकेतून एकटेच इंग्लंडला फेरी घालून आले. पेंटलंडचा धोका त्यांनी टाळला. स्कॉटलंडच्या कमरेतून आरपार जाणाऱ्या, १७९० मध्ये खुल्या झालेल्या कालव्यातून ते पलीकडे गेले. त्यात काही लोकांना कमीपणा वाटतो. आम्हांला तो शहाणपणा वाटतो.

एका कॅथलिक लेखकाचा उल्लेख या पानांत करायलाच हवा. पायी रोमला जाणारे हिलेअर बेलॉक जुन्या धर्मगुरूंना परिचित आहेत. त्यांची 'नोना' ही जेमतेम नऊ टनी नौका होती, आणि तिच्यावर इंजिन बसवणे त्यांना पाप वाटे. १९१४ च्या फेब्रुवारीत, मंदिरार्पणाच्या सणादिवशी, त्यांची पत्नी एलोडी वारली. पाच मुले मागे राहिली. बेलॉक यांनी त्यानंतर आयुष्यभर काळे कपडे घातले. त्याच उन्हाळ्यात ते वेल्सच्या होलीहेड बंदरातून निघाले. सुरुवातीलाच बार्डसी बेटाच्या धावत्या प्रवाहात वादळाने त्यांना गाठले. वीस हजार संत ज्याच्या मातीत पुरले आहेत असे लोक मानत, आणि जिथल्या तीन यात्रा रोमच्या एका यात्रेबरोबर धरल्या जात, ते हे बेट. त्या यात्रेकरूंना इतके पुण्य का मिळत असे, हे तो प्रवाह वाचून समजते! पुढे डेव्हनच्या किनाऱ्याजवळ, एका पहाटे, धुक्यातून प्रचंड युद्धनौकांची रांग पूर्वेकडे घाईने जाताना त्यांनी पाहिली. किनाऱ्यापासून दूर असलेल्या त्या माणसाला महायुद्ध असे दिसले. १९१८ मध्ये त्यांचा मुलगा लुई विमानातून गेला तो परतला नाही. देहही सापडला नाही. प्रवासाचे पुस्तक १९२५ मध्ये निघाले. त्यात मुसोलिनीची जी स्तुती आहे, ती आज वाचवत नाही, आणि लेखक आपला आहे म्हणून ती झाकण्याचेही कारण नाही. समुद्राची पाने मात्र खरी आहेत.

रिचर्ड मॅकमुलन यांची हकिकत आम्ही मुद्दाम मागे ठेवली. लंडनच्या शेअरबाजारातले हे दलाल, जन्म १८३० चा. नौका चालवणे ते कोणाकडून शिकले नाहीत. १८५० मध्ये तीन टनी 'लिओ' घेऊन चुका करीत शिकले. १८६३ मध्ये 'सिरियस' या अकरा टनी नौकेतून त्यांनी ग्रेट ब्रिटनला पूर्ण फेरी घातली. त्यांची शिस्त कडक. दोऱ्या, शिडे, नांगर सारे जागच्या जागी. पगारी खलाशांविषयी मात्र त्यांचे मत फार वाईट. १८७७ मध्ये फ्रान्सच्या शेरबुर्ग बंदरात त्यांनी आपल्या दोघा खलाशांना आळशी म्हणून काढून टाकले आणि साडेएकोणीस टनी 'ओरायन' एकट्याने खाडी ओलांडून इंग्लंडला आणली. दोन-तीन माणसांचे काम सत्तेचाळीस वर्षांच्या एका माणसाने केले. त्यावर पुस्तक लिहिले आणि ते गाजले. त्या दोघा खलाशांचे म्हणणे कोणी लिहून घेतले नाही. ते खरेच आळशी असतीलही. पण ज्यांच्या धर्मग्रामात खलाशी राहतात त्या धर्मगुरूला दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल देववत नाही.

चौदा वर्षांनी, १८९१ च्या जून महिन्यात, 'पर्सियस' नावाच्या नौकेतून मॅकमुलन त्याच खाडीत एकटे होते. हवा चांगली होती. फ्रेंच कोळ्यांना ती नौका चालताना दिसली. शिडे उभी होती, सुकाणूशी माणूस बसलेला होता. जवळ जाऊन पाहिले तो तो मरण पावलेला. हृदय थांबले असावे.

पावसाळा संपत आल्यावर, बोटींना रंग लावण्याच्या दिवसांत, आम्ही ही सारी हकिकत खलाशीबाबांना सांगितली. त्यांचा मूळ प्रश्न ते विसरले होते, किंवा त्यांना उत्तर नको होते. एवढेच विचारले, त्या कोळ्यांनी त्याला तसाच सोडला नाही ना? नाही, आम्ही म्हणालो, जमिनीवर आणला. ते काही वेळ बोटे मोजीत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवसाची मासळी गेली त्यांची."