दुसरी खातेवही



हदगावच्या आमच्या कापड दुकानाच्या खातेवह्या दोन. एक गल्ल्याजवळ, दुसरी घरी माझ्या पत्र्याच्या पेटीत. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, दुसरी लपवायची असेल! सासूबाई म्हणाल्या, "ही किल्लारीची वही."

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती, आपल्या दशलक्षणाचा शेवटचा दिवस. गावोगाव गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातलं किल्लारी हादरलं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवदाचा भार. लातूर-उस्मानाबादकडची जवळजवळ दहा हजार माणसं गेली. शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेने तिथली १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, ते आपल्यातल्या पुष्कळजणींना ठाऊक आहे.

माणसं गेली तिथे दुकानाचं कोण बोलणार? पण आपल्याकडचं दुकान उधारीवर चालतं, सुगीला येणारा पैसा वहीतच असतो. तीही माळवदाखाली गेली, तर वाचलेल्याने उभं राहायचं कशावर? सासऱ्यांनी त्याच दिवाळीत दोन वह्या पुजल्या. दर अमावास्येला सासूबाई दुसरीत उतरवून घ्यायच्या.

२०२० च्या टाळेबंदीत दुकानाला कुलूप. पेटीतली वही काढून मी एकेका घरी फोन केला. मागायला नव्हे, बरे आहात ना विचारायला. दुकान उघडल्यावर बरेचजण आपणहून बाकी देऊन गेले.

आता मी पानांचे मोबाईलवर फोटोही काढते. सासूबाईंना ते पटत नाही. "चार्जिंग संपलं तर?" म्हणतात.