दुर्गम भागातील हौशी रेडिओ केंद्र

दुर्गम भागातील हौशी रेडिओ केंद्र म्हणजे वीज, दूरध्वनी आणि बारमाही रस्ता यांची शाश्वती नसलेल्या ठिकाणी परवानाधारक व्यक्तीने कोणत्याही आर्थिक लाभाच्या हेतूविना उभारलेले, रेडिओलहरींद्वारे संदेशांची देवघेव करणारे खासगी केंद्र होय. असे केंद्र चालवणाऱ्यास जगभर 'हॅम' या नावाने ओळखले जाते. शहरातील केंद्राच्या तुलनेत येथे दोन गोष्टी उलट असतात. विजेची चणचण असते, मात्र आकाश शांत असते. शहरातील विद्युत उपकरणांचा खरखराट नसल्यामुळे क्षीण संदेशही स्पष्ट ऐकू येतात. नवशिक्याने केंद्राची आखणी या दोन्ही गोष्टी ध्यानात घेऊन करणे इष्ट असते. यंत्रावर सर्व पैसा खर्च करून अँटेना आणि बॅटरी यांकडे दुर्लक्ष करणे, ही या क्षेत्रातील सर्वांत सामान्य चूक आहे.

पार्श्वभूमी

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव दरड कोसळून गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बाहेरच्या जगाला या घटनेची वार्ता प्रथम मिळाली ती नेहमीच्या फेरीवर गेलेल्या एस.टी. बसच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही म्हणून. सह्याद्रीतील अनेक वाड्यावस्त्यांवर मोबाइलचे जाळे आजही विरळ आहे. जेथे ते आहे तेथेही मनोऱ्याची वीज गेल्यावर ते काही तासांतच बंद पडते. हौशी केंद्र कोणतीही आपत्ती टाळू शकत नाही. मात्र शेजारच्या गावातून पहिला निरोप निघण्यास लागणारा वेळ ते कमी करू शकते.

या उपयोगाची भारतातील ठळक उदाहरणे म्हणजे १९९९ चे ओडिशातील महाचक्रीवादळ, २००१ चा भूजचा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी. यांपैकी शेवटच्या घटनेत योगायोगाचाही भाग होता. हैदराबादच्या हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद या डिसेंबर २००४ मध्ये पोर्ट ब्लेअर येथून 'व्हीयू४आरबीआय' या संकेतनामाने केंद्र चालवत होत्या. अंदमानातून अनेक वर्षांनंतर हौशी प्रक्षेपण होत असल्यामुळे जगभरचे हौशी चालक त्यांच्याशी संपर्क साधण्यास उत्सुक होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, नेहमीची संपर्कसाधने कोलमडली आणि छंदासाठी नेलेली तीच सामग्री बेटांवरील लोकांची खुशाली मुख्य भूमीला कळवण्याच्या कामी आली.

परवाना

भारतात हौशी केंद्राचा परवाना केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाचा बिनतारी नियोजन व समन्वय कक्ष देतो. त्यासाठी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. उमेदवाराचे वय किमान १२ वर्षे असावे लागते. परीक्षेच्या 'मर्यादित' आणि 'सर्वसाधारण' अशा दोन श्रेणी रूढ आहेत. मर्यादित श्रेणीसाठी मोर्स लिपीची परीक्षा नसते. त्यामुळे बहुतेक नवशिके तेथूनच आरंभ करतात. या श्रेणीतील चालकांचे संकेतनाम सामान्यतः 'व्हीयू३' ने, तर सर्वसाधारण श्रेणीतील चालकांचे 'व्हीयू२' ने सुरू होते.

परवान्यात केंद्राचा पत्ता नमूद असतो. शहरात राहणाऱ्याने गावाकडच्या घरी केंद्र हलवावयाचे झाल्यास संबंधित कक्षाशी आधी पत्रव्यवहार करणे आवश्यक असते. जागा वनक्षेत्रात असेल तर वनखात्याची संमती वेगळी घ्यावी लागते. व्यापारी संदेश, संगीत आणि सांकेतिक भाषेतील मजकूर यांचे प्रक्षेपण निषिद्ध आहे.

पट्ट्याची निवड

नवशिक्याच्या हाती प्रथम येतो तो १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालणारा हातातला संच. तो स्वस्त व सुटसुटीत असतो, परंतु या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मुळशी किंवा वेल्हे परिसरातील एखाद्या खोऱ्याच्या तळाशी उभे राहून असा संच लावल्यास समोरचा डोंगरच आडवा येतो. डोंगरमाथ्यावरील पुनर्प्रक्षेपक दृष्टिपथात असेल तरच तो खरा उपयोगी ठरतो.

म्हणून दरीतील केंद्रासाठी ७ मेगाहर्ट्झचा, म्हणजेच ४० मीटरचा पट्टा अधिक योग्य समजला जातो. या लहरी जमिनीपासून फार उंच नसलेल्या अँटेनातून बऱ्याचशा सरळ वर जातात, आयनांबरावरून परावर्तित होतात आणि छत्रीसारख्या चोहोबाजूंनी खाली येतात. त्यांना मधले डोंगर ओलांडावे लागत नाहीत. दिवसा काही शे किलोमीटरच्या टापूत, म्हणजे साधारणतः महाराष्ट्रभर, असा संपर्क शक्य होतो; रात्री पल्ला आणखी वाढतो, मात्र जवळची केंद्रे अनेकदा ऐकू येईनाशी होतात. १४ मेगाहर्ट्झवर दिवसा युरोपातील केंद्र सहज ऐकू येते आणि पुण्यातील मात्र येत नाही, याचे नवशिक्याला नवल वाटते. या पट्ट्याच्या लहरी मधला प्रदेश ओलांडून दूर उतरत असल्यामुळे असे घडते. गावासाठी उपयोगी पडावे हा हेतू असेल, तर परदेशी संपर्कांचा मोह काही काळ बाजूस ठेवावा लागतो.

अँटेना

सर्वांत साधी व भरवशाची अँटेना म्हणजे अर्धतरंग द्विध्रुव. तिची मीटरमधील एकूण लांबी १४३ ला मेगाहर्ट्झमधील वारंवारितेने भागून मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ही लांबी सुमारे २०.१ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूस दहा मीटरच्या किंचित वर येते. तार सुरुवातीस थोडी लांब ठेवून, उभारणीनंतर स्थायी तरंग गुणोत्तर मोजत दोन्ही टोकांकडून सारखी कापत जाण्याची पद्धत आहे. एकूण लांबी दहा सेंटिमीटरने घटली की अनुनादी वारंवारिता सुमारे ३५ किलोहर्ट्झने वाढते. गुणोत्तर १.५ च्या आत आले की पुरे. त्याहून अचूकतेचा हट्ट प्रत्यक्ष संदेशात जाणवत नाही.

दोन उंच आधार मिळत नसतील तर एकाच बांबूवर किंवा झाडावर मध्यबिंदू आठ ते दहा मीटर उंच बांधून दोन्ही बाजू उलट्या 'व्ही'च्या आकारात खाली उतरवतात. प्रक्षेपणाच्या वेळी तारेच्या टोकांशी विजेचा दाब मोठा असतो; म्हणून टोके मुलांच्या व गुरांच्या आवाक्याबाहेर, किमान अडीच-तीन मीटर उंचीवर ठेवावी लागतात. झाड वाऱ्याने डोलते आणि ताणून बांधलेली तार तुटते. यावर उपाय म्हणजे दोरी कप्पीवरून खाली घेऊन तिच्या टोकाला पाण्याने अर्धवट भरलेला कॅन लटकवणे. झाड हलले की कॅन वरखाली होतो आणि तारेवरील ताण कायम राहतो. माकडांचा उपद्रव असलेल्या भागात तार जोडण्यासाठीचे सामान व दोरी यांचा जादा साठा ठेवणे शहाणपणाचे असते.

अँटेना आणि संच यांना जोडणारी समाक्ष केबल पट्ट्यानुसार निवडावी लागते. आरजी-५८ जातीची बारीक केबल ७ मेगाहर्ट्झवर चालून जाते. परंतु १४५ मेगाहर्ट्झवर तिच्या तीस मीटर लांबीत सुमारे तीन चतुर्थांश शक्ती उष्णतेत वाया जाते.

वीजपुरवठा

केंद्राचे यशापयश मुख्यतः येथे ठरते. १०० वॅटचा सामान्य संच १३.८ व्होल्टवर चालतो. ऐकताना तो सुमारे १ अँपिअर, तर पूर्ण शक्तीने प्रक्षेपण करताना सुमारे २० अँपिअर प्रवाह घेतो. बोलताना आवाज चढउतार करीत असल्याने सरासरी ८ अँपिअर धरता येते. दिवसात सहा तास ऐकणे आणि एक तास बोलणे असा हिशेब केल्यास ६ अधिक ८, म्हणजे १४ अँपिअर-तास लागतात. पावसाळ्यात सलग तीन दिवस ऊन मिळणार नाही असे गृहीत धरले तर गरज ४२ अँपिअर-तासांची होते. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास लवकर निकामी होते, म्हणून ती ८० ते १०० अँपिअर-तासांची घ्यावी लागते.

हाच हिशेब १० वॅटच्या संचासाठी केला तर चित्र पालटते. तीन दिवसांची गरज ११ अँपिअर-तासांच्या आसपास येते आणि एक माणूस पाठीवरून नेऊ शकेल अशी बॅटरी पुरते. शक्ती दशांश झाली तरी ऐकणाऱ्याच्या संकेतमापकावरील घट दोन अंकांहून कमीच असते. शांत जागी, चांगल्या अँटेनासह, नवशिक्याचे केंद्र अल्पशक्तीचे असणे म्हणूनच अनेकदा हिताचे ठरते.

१०० वॅटचे सौर पटल कडक उन्हात ५ अँपिअरच्या आसपास प्रवाह देते; दाट ढगांखाली तो दशांश-पंचमांशावर येतो. स्वस्त प्रभारण नियंत्रकांतून बऱ्याचदा रेडिओत खरखर शिरते आणि आडगावी मिळालेली शांतता वाया जाते. ऐकताना पटलाची जोडणी तात्पुरती सोडून पाहिल्यास दोष कोठे आहे ते लगेच कळते. बॅटरीपासून संचापर्यंतची तार हा आणखी एक दुर्लक्षित भाग. २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून तीन मीटर अंतरावर २० अँपिअर नेताना जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच गमावले जातात. परिणामी बॅटरी भरलेली असूनही बोलण्यास सुरुवात करताच संच बंद पडतो आणि चालक संचालाच दोष देत बसतो. ६ चौरस मिलिमीटरची तार वापरल्यास ही घट ०.४ व्होल्टच्या आत राहते. दोन्ही तारांवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवणे आवश्यक असते.

वीज व पाऊस

एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या पावसात विजा पडण्याचा धोका मोठा असतो. ढग दिसू लागताच केबल संचापासून काढून घराबाहेरील भूसंपर्क सळईला जोडण्याचा प्रघात आहे. गडगडाट जवळ आल्यावर केबलला हात लावू नये. जोडणीच्या सांध्यांतून पाणी शिरल्यास केबल आतून काळी पडते आणि दोष बाहेरून दिसत नाही. सांधे आपोआप चिकटणाऱ्या रबरी पट्टीने गुंडाळतात आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ देतात, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाते. कोकणपट्टीत खाऱ्या हवेमुळे हे सांधे दरवर्षी उघडून तपासावे लागतात.

संचालन

सकाळच्या वेळी ४० मीटर पट्ट्यावर निरनिराळ्या भागांतील चालक ठरावीक वारंवारितेवर एकत्र येतात. या मेळाव्यास 'नेट' म्हणतात. प्रथम काही आठवडे केवळ ऐकून मग संकेतनाम सांगत त्यात सामील होणे ही रूढ रीत आहे. प्रत्येक संपर्काची वेळ, वारंवारिता आणि समोरच्याचे संकेतनाम यांची नोंदवही ठेवावी लागते. त्रयस्थ व्यक्तींचे निरोप एरवी पोहोचवता येत नाहीत. आपत्तीच्या काळासाठी मात्र नियमांत सवलत आहे. अशा वेळी निरोप लहान ठेवतात, ठिकाणांची नावे अक्षरे फोडून सांगतात आणि समोरच्याने निरोप परत वाचून दाखवल्याखेरीज तो पोहोचला असे मानत नाहीत. अनुभवी चालक वर्षातून एकदा, शक्यतो आषाढ-श्रावणात, मुख्य वीज बंद ठेवून संपूर्ण केंद्र तीन दिवस केवळ बॅटरीवर चालवून पाहतात.